मुक्कामी गाडी आणि देवरावची झोप

गाडी बंद पाडल्याबद्दल, उशिरा आणल्याबद्दल आणि हात दाखवूनही न थांबवल्याबद्दल मी नोकरीत भरपूर शिव्या खाल्ल्या. पण गाडी चालू केल्याबद्दल शिव्या मिळाल्या त्या एकाच गावी, भामरागडला. त्या दिल्या चहाच्या टपरीवाल्या जनाबाईनं.

मी सरकारी बसचा ड्रायव्हर होतो. कोरपन्याकडची सिमेंटची धूळ खाल्ली, माजरीच्या बाजूला कोळशाच्या ट्रकांमागे तासन्‌तास रांगलो, पण माझी खरी नोकरी झाली आलापल्लीच्या पुढच्या जंगलात. भामरागडची मुक्कामी गाडी बरीच वर्षं माझ्याकडे होती. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी गावाला पोचणारी आणि सकाळी तिथूनच परत निघणारी. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री तिथंच झोपतात. ही ड्युटी कुणी मागून घेत नसे. मी घेतली, कारण माझा जोडीदार कंडक्टर देवराव ती सोडायला तयार नव्हता. त्या फेरीत काम जास्त होतं, आणि काम जास्त असलं की देवरावला बरं वाटायचं.

भामरागडला तीन नद्यांचा संगम आहे. गावात शिरायचा जुना पूल पर्लकोटा नदीवर आहे आणि तो बुटका आहे. तिकडे छत्तीसगडच्या डोंगरात पाऊस झाला की इकडे लख्ख ऊन असताना नदी फुगते आणि पूल दिसेनासा होतो. मग गाडी गावातच अडकायची. फोन लागला तर कळवायचं आणि पाणी उतरण्याची वाट बघायची. पुलावर पाणी असताना गाडी घालायची नाही, हा आमचा पहिला नियम. वरून पाणी गुडघ्याएवढं वाटतं, पण खाली पूल शाबूत आहे की वाहून गेला हे कुणाच्या बापाला दिसत नाही. हा नियम मोडलेल्यांची नावं ड्रायव्हर लोक अजून हळू आवाजात घेतात.

आमची गाडी जुनी. बॅटरीचा भरवसा नाही, ब्रेकची हवाही उभ्या उभ्या उतरायची. म्हणून अडकलो असलो तरी रोज सकाळी मी इंजिन थोडा वेळ चालू करून ठेवायचो. कामाचा माणूस असल्यासारखंही वाटायचं. एकदा असंच चालू केलं तर गावभर विखुरलेले प्रवासी पिशव्या घेऊन पळत आले. एकाच्या अंगाला साबण तसाच होता. एक म्हातारी दोन्ही हातांत गाठोडी घेऊन धापा टाकत आली, दाराच्या दांडीला धरून उभी राहिली, आणि गाडी जाणार नाही हे कळल्यावर तिथंच रडायला लागली. तिची मुलगी अहेरीच्या दवाखान्यात होती.

जनाबाई टपरीतून बाहेर आली. ती आरमोरीकडची, नवऱ्यामागं या गावात आलेली आणि नवरा गेल्यावरही इथंच राहिलेली. बोलायला फटकळ.

"काऊन रे बापू, जायाचं नाई तं गाडी काऊन चालू करून राह्यला?"

"बॅटरी उतरंल न, बाई."

"उतरू दे! रोज सकाळी लोकायचा जीव टांगणीले लावतं. नदी उतरन तवा धक्का मारू आमी तुह्या गाडीले. आता बंद कर ते अन् गुमान बस."

मी बंद केली. नदी उतरल्यावर गावानं खरोखरच धक्का मारून गाडी चालू करून दिली. पण त्या दोन गोष्टींच्या मधले जे दिवस होते, त्यांत मी आयुष्यात पहिल्यांदा बसायला शिकलो. वाचणारे म्हणतील, ड्रायव्हर तर जन्मभर बसलेलाच असतो. ते बसणं नव्हे. त्यात हात आवळलेले, डोळे ताणलेले आणि एक पाय सतत ब्रेकच्या शोधात असतो. मी घरी जेवायला बसलो तरी माझा उजवा पाय ताटाखाली हलायचा, असं माझी बायको सांगते.

भामरागडच्या पुराची एक रीत आहे. पाणी जिथवर आलं तिथं काठावर कुणीतरी एक दगड ठेवतो. थोड्या वेळानं येऊन बघायचं. दगड बुडाला तर पाणी चढतंय, कोरडा राहिला तर उतरतंय. दिवसभरात गावात तेवढीच बातमी असते. दुसरी रीत कुणी सांगत नाही, राहून कळते. पूर असेपर्यंत तिथं कुणी कुणाला 'काय करून राह्यला' असं विचारत नाही. एरवी आपल्याकडे भेटल्याबरोबर हाच प्रश्न. पुरात तो विचारणं म्हणजे माणसाला उघडं पाडण्यासारखं आहे, कारण सगळेच काही न करता बसलेले असतात. जनाबाईच्या टपरीतल्या बाकड्यावर मी तसा नदीकडे तोंड करून बसू लागलो. पहिले दिवस अंगावर आले. मग एका दुपारी लक्षात आलं की माझा पाय हलत नाही.

सगळ्यांना ते जमत नसे. एकदा बँकेचे एक साहेब अडकले होते. फोनला रेंज मिळावी म्हणून ते शिडीनं गाडीच्या टपावर चढायचे, हात उंच करून गोल फिरायचे आणि खाली येऊन माझ्यावरच डाफरायचे. जणू नदी मी सोडली होती. हळूहळू ते टपावर चढेनासे झाले. मग दुपारी जनाबाईकडे कोरा चहा पिऊन पाय पसरून पडायला लागले. पाणी उतरून आम्ही निघालो तेव्हा माझ्या मागच्या सीटवर बसले होते. आलापल्लीच्या अलीकडे त्यांनी पुढं वाकून विचारलं, "ड्रायव्हरसाहेब, पुढचा पूर साधारण कधी येतो हो?"

हे वाचून कुणाला पूर म्हणजे गंमत वाटेल, म्हणून दुसरीही बाजू सांगतो. एका वर्षी आतल्या गावातून एका बाळंतिणीला खाटेवर घालून माणसं चालत आली होती. पुढं पूल पाण्याखाली. काठावर खाट ठेवली, त्या बाईच्या तोंडावर कुणीतरी छत्री धरली, आणि आम्ही सगळे, मी धरून, नुसते उभे होतो. माझी गाडी तिथंच उभी होती, डिझेल भरलेली, आणि तिचा काडीचा उपयोग नव्हता. शेवटी डोंग्यातून, कोरलेल्या लाकडाच्या होडीतून, तिला पलीकडे नेलं. ती वाचली, बाळ वाचलं नाही. आता तिथं नवा उंच पूल बांधायचं काम चालू आहे. तो झाला की माझ्या आठवणीतलं भामरागड संपेल, आणि ते संपलंच पाहिजे. मी सुखानं बाकड्यावर बसलो म्हणून कुणाचं बाळ जाऊ नये.

आता देवरावबद्दल. हे सगळं लिहायला बसलो ते त्याच्यासाठीच.

देवराव नागभीडकडच्या एका तळ्याकाठच्या गावचा, ढिवराच्या घरचा. लहानपणापासून तळ्यात जाळं ओढायचं, मासोळी निवडायची, मग जाळं वाळवायचं आणि फाटलेलं शिवायचं. बाप कडक होता. पोरगं हात रिकामे ठेवून बसलेलं दिसलं की मागून येऊन पाठीत धपाटा घालायचा. देवराव शिकला, कंडक्टर झाला, पण तो धपाटा घेऊनच नोकरीत आला. गाडीत एकही प्रवासी नसला तरी तो बसायचा नाही. सीटची फाटलेली कव्हरं सुई-दोऱ्यानं शिवायचा, खिडक्यांच्या काचा पुसायचा. पुरात अडकलो की त्याला वेड लागायची पाळी यायची. सगळी गाडी धुवायचा, नट आवळायचा, काठावरचा तो दगड बघायला इतक्यांदा जायचा की जनाबाई म्हणायची, "याच्या पाहण्यानंच नदी लाजून उतरन." दुपारी आम्ही सगळे आडवे व्हायचो. इतक्या वर्षांत देवरावला दिवसा झोपलेला मी पाहिला नाही.

आम्ही दोघं मागंपुढं निवृत्त झालो. मी घरी बसलो आणि मला बरं वाटलं. बायकोला मात्र काही दिवस पाहुणा आल्यासारखं वाटलं. देवराव एका कारखान्याच्या गेटवर गार्ड म्हणून लागला, वर सकाळी दूध घालायचा आणि संध्याकाळी कुणाच्या तरी दुकानात उभा राहायचा. मुलं कमावती होती, गरज काही नव्हती. मी एकदा बोललो तर म्हणाला, "रिकामा राह्यलो तं गंजून जाईन, पुरुषोत्तमभाऊ." त्यानंतर एकदा गेटवरच छातीत कळ येऊन तो खाली बसला. नागपूरला नेऊन हृदयाच्या नळीत स्प्रिंग टाकली. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय अशक्त झालं आहे, आता आराम आणि झोप हेच औषध, झोप नसेल तर गोळ्यांचा फार उपयोग नाही.

काही महिन्यांनी त्याच्या बायकोचा, यमुनावहिनींचा, फोन आला.

"भाऊ, हे झोपतच नाईत. दुपारी तं नाईच, रातीबी नाई. जरा डोळा लागला की दचकून उठतेत, म्हणतेत गाडी सुटून राह्यली. मी त्यायच्या छातीकडे पाहत बसते, वर-खाली होते का नाई म्हणून. मले सांगा, असा माणूस किती दिवस काढन?"

आवाज रडका नव्हता. थकलेला होता, आणि तो मला जास्त लागला. मी विचार केला, मी स्वतः बसायला कुठं शिकलो? पावसाळा चालूच होता. नवा पूल अजून झालेला नव्हता. देवरावला म्हटलं, भामरागडला जाऊन येऊ.

"काम काय हाय तिथी?"

"काईच नाई."

"मंग?"

"मंग चाल."

डॉक्टरांना विचारलं, त्यांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलं. आम्ही मुद्दाम पुरात अडकायला चाललो आहोत हे मात्र त्यांच्या कानावर घातलं नाही. वहिनींना ते न सांगताच कळलं. त्यांनी जास्तीच्या गोळ्या पिशवीत बांधून दिल्या आणि दारात माझ्याकडून कबूल करून घेतलं, "पाणी उतरलं का पयल्या गाडीनं आणा यायले, भाऊ. पयली गाडी सोडू नोका." मी हो म्हटलं. कधी पहिली गाडी न चुकवलेल्या ड्रायव्हरनं दिलेला शब्द होता तो, मी स्वतःही त्यावर विश्वास ठेवला असता.

जनाबाई आता वाकली आहे आणि तिला कमी ऐकू येतं. तिनं आम्हाला मागची खोली दिली. आम्ही पोचल्यावर लगेचच नदी चढली, पूल पाण्याखाली गेला आणि फोनही बंद पडला. देवरावचा जुना खेळ सुरू झाला. टपरी झाडली, कपबश्या विसळल्या, अडकलेल्या प्रवाशांना चहासाठी रांगेत उभं करायला लागला. चालताना धाप लागत होती तरी थांबेना. मला धडकी भरली. याला काही झालं तर पलीकडे न्यायचं कसं, हा विचार घेऊन मी त्याच्या मागे मागे फिरत होतो. शेवटी जनाबाईनं त्याच्या हातातला झाडू काढून घेतला.

"हा अजून सुदरला नाई का? बस तिथी. कोणी मोजून नाई राह्यलं तुले."

तो बाकड्यावर बसला. हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. मांडीवर ठेवले, मग बाकाखाली घेतले, मग पुन्हा मांडीवर. बऱ्याच वेळानं नदीकडे बघत म्हणाला, "बसलो का बाबाचा हात दिसते मले. आता पाठीत बसन म्हणून पाठ आपोआप ताठ होते."

"बाबाले जाऊन किती वर्षं झाले, देवराव?"

"बाबा गेले. हात नाई गेला."

मला त्याचा फार कळवळा आला. सत्तरीकडे चाललेला माणूस, नातवंडं असलेला, आणि अजून पाठ ताठ करून मार चुकवत होता. मी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि राहू दिला. त्याची पाठ सैल व्हायला त्या दिवशी संध्याकाळ झाली.

पाऊस लागून राहिला. देवराव दगड बघायला कमी जाऊ लागला. एका सकाळी गावातली माणसं पुराच्या कडेच्या संथ पाण्यात जाळी फेकत होती आणि आम्ही बघत बसलो होतो. एकाचं जाळं दर खेपेला गोळा होऊन पडत होतं. देवराव म्हणाला, "त्याचं मनगट आधीच वळून राह्यलं." मला वाटलं आता हा उठणार, पाण्यात उतरणार आणि त्याला शिकवणार. मी त्याचा सदरा धरायच्या तयारीत होतो. पण तो उठला नाही. जाळं पुन्हा गोळा होऊन पडलं, आणि देवराव हसला. आजारपणानंतर मी त्याला पहिल्यांदा हसताना बघितलं.

मग आभाळ उघडलं आणि पाणी उतरलं. पुलावर चिखल आणि अडकलेली लाकडं राहिली होती, ती माणसांनी काढली. अडकलेली मुक्कामी गाडी दुपारी निघणार असं कळलं. मी पिशव्या भरल्या. जेवणात मासोळीचा रस्सा आणि भात होता. जेवून देवराव बाकड्यावर आडवा झाला, "जरा पाठ टेकवतो" म्हणून. गाडी लागली तेव्हा मी त्याला उठवायला गेलो.

"देवराव."

तो हलला नाही. तोंड उघडं, एक हात बाकाखाली लोंबत होता. मी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. वहिनींचा चेहरा डोळ्यांपुढं आला. मी गुडघ्यांवर बसलो आणि त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती वर आली, खाली गेली. मग त्याच्या घशातून एक लांब, खरखरीत घोरणं निघालं. मी तिथंच जमिनीवर बसकण मारली आणि मला रडू आलं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मी बाहेर गेलो. ड्रायव्हर तरुण होता, मला ओळखत होता. "काका, चला. वर पुन्ना भरून आलं हाय. आज नाई निंगालो तं कवा निंगू सांगता नाई येत."

त्याचं खरं होतं. पूर्वेकडे आभाळ काळं झालं होतं. गोळ्या थोड्याच उरल्या होत्या. मी वहिनींना शब्द दिला होता, आणि सबंध नोकरीत पहिली गाडी मी कधी चुकवली नव्हती. आत तो घोरत होता. किती महिन्यांची झोप ती होती, मला माहीत नव्हतं. उठवला असता तर गाडीत बसला असता, पण अशी झोप त्याला पुन्हा आली असती याची हमी कुणी दिली असती?

"तू जा," मी म्हटलं. "फोन लागला का या नंबरवर त्याच्या घरी सांग."

"काय सांगू?"

"म्हणाव, देवराव दुपारचा झोपला हाय. घोरून राह्यला. म्हणून गाडी सोडली."

तो माझ्याकडे बघतच राहिला, पण मान डोलावून गेला. गाडी पूल ओलांडून पलीकडच्या चढावर दिसेनाशी झाली. मी आत येऊन देवरावच्या पायाशी बसलो. जनाबाईनं चुलीवरची भांडी आवाज न करता बाजूला ठेवली.

उन्हं कलल्यावर तो जागा झाला. इकडेतिकडे बघितलं.

"गाडी?"

"गेली."

मला वाटलं आता हा उसळणार. तो उठून बसला, डोळे चोळले, आपल्या हातांकडे बघितलं. "मले काऊन नाई उठवलं?"

"झोपला होता."

त्यानं सदरा नीट केला. मग हळूच म्हणाला, "कोणाले सांगू नोको." मी हो म्हटलं. बातमी तोवर आलापल्लीच्या वाटेला लागली होती.

त्या काळ्या ढगांनी आम्हाला पुन्हा फार अडवलं नाही, पुढच्या गाडीनं आम्ही सुखरूप आलो. वहिनींनी मला चहा दिला, पण पहिली गाडी सोडल्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मी ते मनात घेऊन राहिलो. त्यांचा विश्वास मी मोडला होता. काही बरंवाईट झालं असतं तर कोणत्या तोंडानं दारात उभा राहिलो असतो? त्यानंतर देवराव जेवढे दिवस होता तेवढे दिवस अंगणात खाट टाकून दुपारी झोपायचा. गेटवरची नोकरी त्यानं सोडली. मी कधी दुपारी गेलो तर वहिनी दारातूनच बोट ओठावर ठेवायच्या, आणि मी पायरीवर बसून राहायचो.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही. मी बसायला गेलो तेव्हा घरात माणसं होती. ती पांगल्यावर वहिनी माझ्यापुढं येऊन बसल्या. मला वाटलं, आता त्या पहिल्या गाडीचा विषय निघणार, आणि निघालाही.

"भाऊ, तुमच्या त्या ड्रायव्हरचा फोन आला होता न, तवा मी भांडे घासून राह्यली होती. तो म्हणला, काकू, ते झोपले हायेत, घोरून राह्यले. मी त्याले दोनदा विचारलं, खरंच घोरून राह्यले का? तो म्हणला, काका स्वतः सांगून राह्यले." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "मंग मी भांडे तसेच ठेवले, भाऊ. हातबी धुतले नाई नीट. आत गेली, खाली चटईवर पडली, अन् मीबी झोपली."